कलापुयांची आग आणि विल्यमेटची माळरानं

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या विल्यमेट खोऱ्यात आज माळरान आणि ओकची झाडं वाचवायला जमिनी विकत घ्याव्या लागतात. ही वेळ का आली, याचं मूळ इथल्या आदिवासी कलापुया लोकांच्या आगीत आहे.

कलापुया दरवर्षी उन्हाळा सरताना गवत पेटवत. कॅमसचे कंद, ओकची फळं, टारवीडचं बी हे त्यांचं अन्न आगीमागून जोमानं येई. जाड सालीचे ओक तगत, डग्लस फर या सूचिपर्णी झाडाची रोपं जळून जात. १८२६ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ डेव्हिड डग्लस इथून चालत गेला, तेव्हा जळक्या खुंटांनी त्याच्या पायाची बोटं कापली होती.

१८३० नंतर मलेरियाच्या साथींनी गावंच्या गावं ओस पडली. १८५० च्या कायद्यानं गोऱ्या जोडप्यांना ६४० एकरांपर्यंत जमीन फुकट मिळू लागली. मूळ रहिवाशांशी करार मात्र १८५५ मध्ये झाला, आणि पुढच्याच वर्षी त्यांना ग्रँड रोंड या राखीव वसाहतीत हलवण्यात आलं. गवत पेटवणारे हातच गेले. सपाटीवर नांगर फिरला. जिथे नांगर पोचला नाही, तिथे फर वाढले आणि त्यांच्या सावलीत शेकडो वर्षांचे ओक वाळले. कुऱ्हाड न लागताही जंगल मरतं, हे मला फार अस्वस्थ करतं. मूळ माळरानाचा आता जेमतेम एखाद-दुसरा टक्का उरलाय.

त्या माळावरच्या किनकेड ल्युपिन या रानफुलाच्या झाडावर वाढणारं फेंडर्स ब्लू हे फुलपाखरू १९३७ नंतर दिसेना, तेव्हा ते संपलं असंच धरलं गेलं. १९८९ मध्ये ते पुन्हा सापडलं आणि २००० मध्ये संरक्षित यादीत आलं.

फिन्ली, बॅस्केट स्लू ही सरकारी अभयारण्यं १९६० च्या दशकात हिवाळी पाहुण्या हंसांसाठी झाली होती. त्यांच्यासोबत माळही वाचला. पण खोऱ्यातली बहुतेक जमीन खासगी. म्हणून जमीन-न्यास, म्हणजे जमिनी राखणाऱ्या बिगरसरकारी संस्था, पुढे आले. ते जमीन विकत घेतात, किंवा मालकाशी कायमचा करार करतात: जमीन त्याचीच, पण प्लॉट पाडायचा हक्क त्यानं सोडलेला. सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखी ही अट पुढच्या मालकालाही बांधते. धरणांनी केलेल्या नुकसानीपोटी २०१० मध्ये बॉनव्हिल या वीज संस्थेनं राज्याशी करार केला आणि या कामाला मोठा निधी मिळाला.

नुसतं कुंपण घालून मात्र भागत नाही. फर तोडावे लागतात, गवत पुन्हा पेटवावं लागतं. २०२३ मध्ये फुलपाखराचा धोका एक पायरी कमी झाल्याचं यादीत नोंदलं गेलं, ते या मेहनतीमुळे. ग्रँड रोंडच्या लोकांनीही त्याच निधीतून पूर्वजांच्या खोऱ्यात जमीन परत घेतली आहे.