बासचे सर्वोत्तम पाणी कोणते?

2 जून 1932 रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पाऊस लागला होता आणि शेतात काम करणे शक्य नव्हते, म्हणून जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी मित्राला घेऊन गळ टाकायला गेला. ओकमल्गी नदीने वळण बदलल्यावर जुन्या पात्रात जे पाणी मागे उरले होते, त्याला मॉन्टगोमेरी लेक म्हणत. तेथे पेरीच्या गळाला लागलेला बास जातीचा मासा गावच्या काट्यावर 22 पौंड 4 औंस, म्हणजे 10.09 किलो भरला. लांबी आणि घेर मोजून झाल्यावर पेरीने मासा घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. पुढे 77 वर्षे जो जागतिक विक्रम कोणालाही गाठता आला नाही, त्याचा पुरावा असा जेवणाच्या ताटात संपला.

2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी 10.12 किलोचा बास पकडला. तो पेरीच्या माशापेक्षा जेमतेम एका औंसाने जड होता, आणि या वजनगटातील विक्रम मोडायचा तर निदान दोन औंसांचा फरक हवा असा आंतरराष्ट्रीय नियम असल्यामुळे दोघांची बरोबरी जाहीर झाली. म्हणजे जगातील सर्वांत जड बासचा मान आज एका जुन्या नदीपात्राकडे आणि दुसऱ्या खंडातील एका सरोवराकडे विभागून आहे. हौशी मासेमार मात्र वाद घालतात तो फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया आणि उत्तरेची मोठी सरोवरे यांच्याविषयी. या वादात प्रत्येकाकडे आपला नकाशा असतो. माशाच्या शरीरशास्त्राकडे आणि आनुवंशिकतेकडे फारसे कोणी पाहत नाही.

प्रथम माशाची ओळख करून घेतली पाहिजे, कारण ‘बास’ हा शब्द फार सैल आहे. पेण-अलिबागकडचा आपला जिताडाही इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणवतो, पण त्याचा या माशाशी जवळचा संबंध नाही. येथे चर्चा आहे ती उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातल्या लार्जमाउथ बासची. त्याचे तोंड मिटलेले असतानाही वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्या मागे गेलेले दिसते. अंगावर हिरवट छटा असते आणि कुशीवरून एक काळपट, तुटक पट्टा शेपटीपर्यंत जातो. तो पाठलाग करून थकणारा मासा नाही. पाणवनस्पतीच्या किंवा बुडालेल्या झाडाच्या आडोशाला तो स्थिर राहतो, भक्ष्य टप्प्यात आले की जबडा एकदम उघडतो, आणि त्या क्षणी तोंडात जी पोकळी तयार होते तिच्यात पाण्याबरोबर भक्ष्यही ओढले जाते.

या माशाचे दोन जवळचे नातलग प्रकार आहेत: एक उत्तरेकडचा आणि दुसरा फ्लोरिडा द्वीपकल्पातला. दोन्हींमधील फरक 1949 मध्ये बेली आणि हब्ज या शास्त्रज्ञांनी मांडला. फ्लोरिडाच्या प्रकाराचे खवले बारीक असतात, त्यामुळे अंगावरच्या पार्श्वरेषेवर ते संख्येने अधिक भरतात. पण काठावर उभे राहून मासा नुसता पाहिल्याने हे कळत नाही, त्यासाठी खवले मोजावे लागतात किंवा पराचा तुकडा घेऊन जनुकीय तपासणी करावी लागते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दोघांना स्वतंत्र प्रजाती ठरवले, आणि त्यातून नावांची एक गंमत घडली. ‘साल्मॉइडिस’ हे जुने शास्त्रीय नाव ज्या चित्रावरून 1802 मध्ये दिले गेले, ते दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनहून आलेले होते, आणि तेथील मासा फ्लोरिडा प्रकाराचा निघाला. त्यामुळे हे नाव फ्लोरिडा बासकडे गेले आणि उत्तरेकडच्या माशाला दुसरे, ‘निग्रिकन्स’ हे नाव घ्यावे लागले.

वादाचा पहिला धागा या वाणात आहे. प्रचंड वजन गाठण्याची क्षमता प्रामुख्याने फ्लोरिडा वाणात दिसते. पेरीचा मासा दक्षिण जॉर्जियाचा, म्हणजे जेथे दोन्ही वाणांचा निसर्गतःच संकर होतो त्या पट्ट्यातला होता. बिवा सरोवरातील बासमध्येही फ्लोरिडा वाणाचा वारसा जनुकीय तपासणीत आढळलेला आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: वजनाचे हे सारे विक्रम माद्यांचे असतात. नर आकाराने बराच लहान राहतो.

मग फ्लोरिडाच सर्वश्रेष्ठ म्हणावे, तर तेथील राज्याचा अधिकृत विक्रम 17.27 पौंडांचा, म्हणजे सुमारे 7.8 किलोचा आहे. टेक्सासचा विक्रम त्याहून जड आहे आणि कॅलिफोर्नियाचा तर कितीतरी जड. माहेरी न वाढलेला मासा परमुलखात इतका कसा वाढला, हा या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बव्हंशी तापमानात आणि आहारात सापडते. मासा थंड रक्ताचा असल्यामुळे पाणी तापते तसा त्याच्या शरीराचा खर्च वाढतो. साधारण 26 ते 28 अंश सेल्सिअसला बास सर्वांत वेगाने वाढतो, पाणी 10 अंशांच्या खाली गेले की तो जवळजवळ खातच नाही, आणि पाणी फार तापले तर खाल्लेल्यातील मोठा वाटा नुसते जगण्यातच खर्ची पडतो. फ्लोरिडात थंडी नावापुरती असल्याने वाढीचा हंगाम लांब असतो आणि अंडी घालणे ऐन हिवाळ्यातच सुरू होते, म्हणून पिल्लांना मोठी आघाडी मिळते. ओकीचोबी सरोवर सुमारे 1,900 चौरस किलोमीटर पसरलेले असून त्याची सरासरी खोली तीन मीटरही नाही. अशा उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात बास विपुल असतात. पण दीर्घ उन्हाळ्यात शरीराचा खर्च चढाच राहतो, आणि अशा पाण्यातले मासे लवकर वाढतात तसे लवकर म्हातारेही होतात.

कॅलिफोर्नियात 1959 मध्ये सॅन दिएगोजवळच्या अप्पर ओटे जलाशयात फ्लोरिडाचे बास आणून सोडले गेले. तेथील जलाशय खोल आहेत, हिवाळा सौम्य आहे, उन्हाळ्यात तळाशी गारवा मिळतो. आणि मुख्य म्हणजे हौशी मासेमारांसाठी हिवाळ्यात या पाण्यांत रेनबो ट्राउट मोठ्या संख्येने सोडले जात. मत्स्यबीज केंद्रात वाढलेला, चरबीने भरलेला, धोका न ओळखणारा ट्राउट म्हणजे मोठ्या बासला घरपोच जेवण होते. एकेका घासात एवढे पोषण मिळाले की शिकारीसाठी फारशी शक्ती खर्चावी लागत नाही आणि उरलेले सारे अंगी लागते. 1991 मध्ये कॅस्टेक जलाशयात बॉब क्रुपी यांनी पकडलेला मासा 22 पौंडांच्या किंचित वर, म्हणजे पेरीच्या विक्रमाच्या अगदी शेजारी पोहोचला होता.

एस्कॉन्डिडो शहराजवळचा डिक्सन तलाव जेमतेम 28 हेक्टरांचा आहे. 2001 पासून तेथे एकच मादी पुन्हा पुन्हा गळाला लागत राहिली. कल्ल्याच्या झाकणाखाली असलेल्या काळ्या ठिपक्यामुळे ती ओळखू येई. मार्च 2006 मध्ये मॅक वीकली यांच्या गळावर ती आली तेव्हा हातातल्या डिजिटल काट्यावर 25 पौंड 1 औंस, म्हणजे 11 किलोंपेक्षा अधिक वजन दिसले. पण गळ तोंडात न अडकता अंगात अडकला होता, म्हणून तिला पाण्यात सोडून देण्यात आले आणि विक्रमाचा दावा पुढे नेला गेला नाही. 2008 मध्ये ती मेलेली आढळली. ‘उत्तम प्रदेश’ कोणता या प्रश्नावर वाद घालताना डिक्सन तलावाची आठवण ठेवावी: जगातील बहुधा सर्वांत जड बास एका लहानशा तलावात, माणसाने सोडलेल्या वाणातून आणि माणसाने पुरवलेल्या खाद्यावर घडला.

टेक्सासने हेच काम योजनाबद्ध रीतीने केले. त्या राज्यातील बहुतेक सारी सरोवरे धरणांची आहेत. 1970च्या दशकात तेथील शासकीय खात्याने फ्लोरिडाचा वाण आणला आणि लेक फोर्क भरण्याआधीच त्या खोऱ्यातील तळ्यांत त्याचे बीज सोडले. 1980 मध्ये धरण पूर्ण झाले, पाणी चढले, तोडल्याविना राखलेली झाडे बुडाली आणि ते बीज आयत्या समृद्ध पाण्यात जाऊन पडले. जानेवारी 1992 मध्ये तेथूनच 18.18 पौंडांचा राज्यविक्रम निघाला. 1986 पासून 13 पौंडांहून जड माद्या हौशी मासेमारांकडून उसन्या घेऊन त्यांच्यापासून बोटुकली तयार करण्याची योजना राज्यात चालू आहे.

येथे जलाशयाच्या वयाचा मुद्दा येतो, जो वादात सहसा हरवतो. नवी जमीन पाण्याखाली गेली की तिच्यातील गवत, पाने, माती यांतून पोषकद्रव्ये सुटतात, सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर लहान मासे आणि त्यांवर बास. ही भरती काही वर्षे टिकते आणि नंतर ओसरते. पश्चिम टेक्सासमध्ये दुष्काळात जलाशय आटतात, कोरड्या तळावर झुडपे वाढतात आणि पुढच्या पुरात ती बुडून जणू नवे धरण भरल्यासारखे होते, ओ. एच. आयव्ही जलाशयाचा अलीकडे बोलबाला झाला तो त्यामुळेच. म्हणून आजचे सर्वोत्तम पाणी वीस वर्षांपूर्वीचे नसते आणि वीस वर्षांनंतरचेही नसणार.

संख्या मोजायची की वजन, हाही प्रश्न आहेच. इलिनॉयमधील रिज लेक या तलावात पकडलेल्या प्रत्येक बासला खूण करून परत सोडत आणि त्याची नोंद ठेवत. 1977 मध्ये तलाव रिकामा केला तेव्हा सुमारे 1,700 मासे हाती आले; त्यांपैकी सुमारे 200 चार वर्षांत एकदाही गळाला लागलेले नव्हते. डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी सहज सापडणाऱ्या आणि न सापडणाऱ्या माशांच्या वेगवेगळ्या पिढ्या वाढवल्या, आणि गळाला लागण्याची प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक असल्याचे दिसून आले. शिवाय फ्लोरिडाचा वाण उत्तरेकडच्या वाणापेक्षा गळाला कमी लागतो. म्हणजे रिकाम्या हाताने परतलेला मासेमार पाण्याला दोष देतो, तेव्हा पाण्यात मासे नसतात असे नाही. ज्या पाण्यावर वर्षानुवर्षे गळ पडत आले, तेथे गळाला बिचकणारेच अधिक उरले असण्याचा संभव असतो.

उत्तरेकडच्या लोकांचा दावा वेगळ्या माशावर, स्मॉलमाउथ बासवर असतो. ईरी आणि सेंट क्लेअर सरोवरांत 1980च्या दशकाच्या अखेरीस जहाजांनी तोल राखण्यासाठी भरून आणलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपला आला, त्याने पाणी गाळून नितळ केले, मागोमाग आलेला राउंड गोबी हा छोटा मासा त्या शिंपल्यांवर वाढला आणि स्मॉलमाउथ बास त्या गोबीवर पुष्ट झाला. एका आगंतुकाने दुसऱ्याला पोसले आणि फायदा झाला स्थानिकाचा. अर्थात घरट्याची राखण करणारा नर गळाला लागून थोडा वेळ दूर गेला, की तोच गोबी अंड्यांवर तुटून पडतो.

बिवा सरोवरात मात्र बासच आगंतुक आहे. जपानमध्ये तो 1925 मध्ये हाकोनेच्या आशी सरोवरात प्रथम सोडला गेला आणि 1974 मध्ये बिवात आढळला. ब्लूगिल हा त्याचा अमेरिकी शेजारी 1960 मध्ये राजपुत्र अकिहितो यांना भेट म्हणून मिळाला होता. पुढे सम्राट असताना, 2007 मध्ये, त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. जपानच्या 2005 पासून लागू झालेल्या कायद्याने हे दोन्ही मासे हानिकारक परकीय प्रजाती ठरवले आणि बिवा ज्या प्रांतात आहे त्या शिगा प्रांताने त्याआधीच पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई केली. कुरितांच्या गळाला लागलेला तो विक्रमी मासाही जिवंत ब्लूगिलच्या आमिषावर आला होता. ज्या सरोवराने पेरीची बरोबरी केली, त्याच्या काठावर आज पकडलेले बास आणि ब्लूगिल टाकण्यासाठी खास पेट्या ठेवलेल्या असतात.