जर्मनीत घेतलेल्या जुन्या घरातली लाकडाची शेगडी: चालू ठेवायला कोणते कागद लागतात?

जर्मनीत जुनं घर घेतलं की दिवाणखान्यातली काचेच्या दाराची शेगडी, म्हणजे 'कामिनओफन', घराबरोबर फुकटात मिळाली असं वाटतं. ती पेटवण्याआधी तिचे कागद बघा. 22 मार्च 2010 च्या आधी बसवलेल्या शेगडीच्या धुरात घनमीटरमागे 0.15 ग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण आणि 4 ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड चालत नाही. तसा पुरावा नसेल तर धूळ अडवणारा फिल्टर बसवायचा, नाहीतर शेगडी बंद करायची. मुदती शेगडीवरच्या पाटीवर (मॉडेल, क्रमांक आणि तारीख लिहिलेली) असलेल्या तारखेप्रमाणे टप्प्याटप्प्याने होत्या. 1995 ते 21 मार्च 2010 ही पाटी असलेल्यांचा शेवटचा टप्पा 31 डिसेंबर 2024 ला संपला, म्हणजे आता सवलतीचा काळ कोणालाच उरलेला नाही.

यासाठी छापील अर्ज नसतो. सगळा व्यवहार तुमच्या भागासाठी नेमलेल्या धुराडे-तपासनीसाशी, म्हणजे 'बेत्सिर्क्स-शोर्नश्टाइनफेगर'शी होतो. धुराडं साफ करायला दुसरा नोंदणीकृत कारागीर बोलावता येतो, पण 'फॉयरश्टेटनबेशाइड' हा अधिकृत आदेश नेमलेला तपासनीसच देतो. कोणतं काम कधी करायचं ते त्यात असतं. घरविक्रीच्या वेळी हा कागद जुन्या मालकाकडून मागून घ्या, नंतर फार शोधाशोध होते.

पहिलं काम पाटी शोधण्याचं. ती शेगडीच्या पाठीला, राखेच्या खणामागे किंवा लाकडं ठेवायच्या कोनाड्यात असते. काजळी पुसून मॉडेल, क्रमांक आणि तारीख वाचता येईल असा फोटो घ्या. पाटी गेली असेल तर अडचण दुहेरी होते: तारीख ठरवता न आलेली शेगडी सगळ्यात जुन्या गटात, 2014 च्या मुदतीत धरली जाते, आणि मॉडेल माहीत नसल्याने उत्पादकाचं प्रमाणपत्रही मिळत नाही. पाटी असेल तर उत्पादक संघटनेच्या ऑनलाइन यादीत मॉडेल शोधून प्रमाणपत्र उतरवून घ्या, नाहीतर कंपनीला लिहा. तेही जमलं नाही तर तपासनीस जागेवर मोजमाप करतो, पण जुन्या स्वस्त शेगडीसाठी हा खर्च सहसा वसूल होत नाही.

काही शेगड्यांना सूट आहे: 1950 पूर्वीच्या (पुरावा हवा), घरगुती स्वयंपाकाच्या 15 किलोवॉटपेक्षा कमी क्षमतेच्या, उघड्या अग्निकुंडांना, जागेवरच बांधलेल्या दगडी किंवा विटांच्या 'ग्रुंटओफन'ना, आणि घराला दुसरी कसलीच उष्णता नसेल तर त्या शेगडीला. उघडं अग्निकुंड मात्र अधूनमधूनच पेटवायची परवानगी आहे, रोज नाही.

फिल्टर बसवायचं ठरलं तर हे लक्षात घ्या: बहुतेक फिल्टर विजेवर चालतात, फक्त धूळ पकडतात, कार्बन मोनॉक्साइड कमी करत नाहीत. काजळीचा थर साचला की त्यांची क्षमता उतरते, म्हणून साफसफाईची जबाबदारी आधीच ठरवा.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. हाताने लाकडं टाकायच्या शेगडीचा मालक बदलला की वर्षाच्या आत तपासनीसाकडून वापराचा सल्ला घेणं बंधनकारक आहे. त्याची नोंद जपून ठेवा.

लाकडाचाही नियम आहे: ओलावा 25 टक्क्यांच्या खाली, रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड अजिबात नाही. मीटर वापरताना ओंडका मधून फोडा आणि ताज्या आतल्या बाजूवर दोन्ही सुया घाला. बाहेरच्या सालीवर मोजलं तर आकडा सहसा बरा येतो आणि फसवतो. आणखी एक गोंधळ: हा 25 टक्के कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, ओल्या वजनावर तोच ओलावा 20 टक्के होतो. विक्रेता कोणता आकडा सांगतोय ते विचारा.

नवी शेगडी घेणाऱ्यांसाठी मर्यादा कडक आहेत: धूळ 0.04 ग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड 1.25 ग्रॅम. 2022 पासूनच्या नव्या उभारणीत धुराड्याचं तोंड छपराच्या माथ्याजवळ आणि माथ्यापेक्षा किमान 40 सेंटिमीटर उंच लागतं. जुन्या जागी फक्त शेगडी बदलणाऱ्यांना सहसा पूर्वीचा नियम लागू होतो, पण ते तपासनीसाकडून लेखी घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. बेकायदा चालवल्यास दंड 50,000 युरोपर्यंत जाऊ शकतो.