हाटी समाज आणि अनुसूचित जमातीचा दाखला : पात्रता, कागदपत्रे व कायदेशीर स्थिती

हिमाचल प्रदेशाच्या सिरमौर जिल्ह्यातील गिरिपार भागात राहणाऱ्या हाटी समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान देणाऱ्या कायद्याला ४ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. टौंस नदीपलीकडील, आज उत्तराखंडात असलेल्या जौनसार-बावर या भागाला हा दर्जा १९६७ सालीच मिळाला होता. एकेकाळी एकाच सिरमौर संस्थानात असलेल्या या दोन्ही मुलखांत दिवाळीनंतर महिन्याभराने येणारी बूढी दिवाळी, भावाभावांनी एकाच वधूशी विवाह करण्याची आता विरळ झालेली प्रथा आणि गावातले तंटे गावातच मिटवणारी पारंपरिक पंचायत (हाटी तिला खुंबली म्हणतात) यांत इतके साम्य आहे की, एका तीरावरच्यांना मान्यता आणि दुसऱ्यावरच्यांना नकार हा अनेक दशके चाललेला अन्यायच होता, असे मला वाटते.

चालीरीतींचा हा पुरावा समाजाला यादीत नेण्यासाठी उपयोगी पडला. व्यक्तीला दाखला मिळतो तो मात्र वंश आणि वास्तव्य यांच्या नोंदींवर. अर्जदार जन्माने हाटी असावा आणि त्याचे कुटुंब गिरिपारचे मूळ रहिवासी असावे. जमात विवाहाने बदलत नाही, त्यामुळे सुनेचा दाखला तिच्या माहेरच्या नोंदींवरून ठरतो. याच भागातील ज्या जाती आधीपासून अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, त्यांना हाटी म्हणून जमातीचा दाखला मिळत नाही, असे केंद्राने स्पष्ट केले आहे. त्यांचा पूर्वीचा दर्जा कायम राहतो.

अर्ज तहसील कार्यालयात किंवा लोकमित्र केंद्रामार्फत (सरकारी सेवा देणाऱ्या स्थानिक केंद्रामार्फत) ऑनलाइन करण्याची तेथील पद्धत आहे. आधार कार्ड, छायाचित्र आणि ग्रामपंचायतीच्या परिवार रजिस्टरची नक्कल यांबरोबर सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे शजरा नसब, अर्थात महसूल दफ्तरातील वंशावळीचा उतारा. पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठ्यासारखा अधिकारी, अहवाल देतो आणि त्यावरून तहसीलदार निर्णय घेतो. आजोबांच्या नावातील फरक किंवा वारस नोंद राहून गेलेली असणे अशा त्रुटी अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्याव्यात, कारण अर्ज बहुधा तेथेच अडतो.

राज्य सरकारने १ जानेवारी २०२४ रोजी अंमलबजावणीचा आदेश काढला, परंतु ४ जानेवारीला उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. म्हणून अर्ज करण्यापूर्वी या खटल्याची ताजी स्थिती तहसील कार्यालयात विचारून घ्यावी.

नोकरीनिमित्त महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या हाटी कुटुंबांनी हे ध्यानात घ्यावे की, जमातींची यादी राज्यनिहाय असते. त्यांचा दर्जा मूळ राज्यात आणि केंद्र सरकारच्या सेवांसाठी ग्राह्य धरला जातो. महाराष्ट्र शासनाच्या आरक्षणासाठी किंवा येथील जमात पडताळणी समितीकडे त्याचा उपयोग होत नाही.