प्रेरणा आणि पारख: बेळगाव भागातल्या ख्रिस्ती घरांतली जुनी शिकवण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत साक्ष देताना, म्हणजे श्रद्धेचा आपला अनुभव चारचौघांत सांगताना, दोन वाक्यं वारंवार कानावर येतात. ‘प्रभू माझ्याशी बोलला’ आणि ‘प्रभूनं मनावर ओझं घातलं’. हे ओझं बहुतेक वेळा रोजच्या जगण्यातलंच असतं. शेजारच्या आजारी बाईजवळ जाऊन बसावं, जमिनीच्या वाटणीवरून चुलत्याशी तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करावं, रविवारपेठेतल्या दुकानदारानं चुकून जास्त दिलेले पैसे परत करावेत. कधी मात्र ते आयुष्य फिरवणारं असतं. नोकरी सोडून सेवेला लागावं, अमक्याशीच लग्न करावं. ही आतली हाक देवाची की आपल्याच इच्छेची, हे ओळखायचं कसं? प्रार्थनासभांत आजही विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नावर या भागात दोन शतकं काम झालेलं आहे.

मूळ अर्थातच पवित्र शास्त्रात आहे. देवळात सेवा करणाऱ्या लहान शमुवेलाला रात्री हाक आली, तेव्हा ती कोणाची हे त्याला स्वतःला कळलं नव्हतं. तो तीनदा एलीकडे धावत गेला आणि ही हाक परमेश्वराची आहे हे शेवटी त्या म्हाताऱ्या याजकानं ओळखलं. पहिल्या शतकात प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला एकाच दमात दोन गोष्टी लिहिल्या: आत्म्याला विझवू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा. ख्रिस्ती इतिहासात या दोन आज्ञांची अनेकदा फारकत झाली. कुणी विझवण्याच्या भीतीनं पारख सोडली, कुणी पारख करता करता विझवूनच टाकलं. बेळगावला जे दोन मोठे प्रवाह येऊन पोचले, त्यांनी मात्र या दोन्ही आज्ञा एकत्र धरल्या होत्या.

१८१८ साली बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात गेलं. दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, बळ्ळारीहून जोसेफ टेलर इथं आले आणि लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं. मराठी आणि कानडी बोलणाऱ्या गावांत शाळा निघाल्या. अशा मिशन शाळेत शिकलेल्या मुलांपैकी एक म्हणजे १८३१ साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी. ‘यमुनापर्यटन’ या १८५७ च्या पुस्तकामुळे मराठी वाचक त्यांना आद्य कादंबरीकार म्हणून ओळखतो. मला मात्र त्यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र जास्त महत्त्वाचं वाटतं. एका मराठी माणसानं आपल्या मनातल्या हालचालींचा इतक्या बारकाईनं ठेवलेला हिशेब त्याआधी क्वचितच सापडेल. बेळगावची शाळा, मग मुंबईतलं शिक्षण, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेतल्या सुधारकांची संगत, बायबलचं वाचन, घरच्यांना काय वाटेल याची धास्ती, असा तो लांबचा प्रवास आहे. बाप्तिस्मा झाला तो १८५४ मध्ये, जन्मगावी बेळगावातच. एका रात्रीत झालेला चमत्कार या पुस्तकात शोधू नये. प्रेरणा येते, माणूस तिच्यापासून पळतो, ती परत येते, तो वाचतो, वाद घालतो, प्रार्थना करतो. वर्षं जातात, तरी ती मावळत नाही. खऱ्या प्रेरणेची ही खूण आपल्याच गावच्या माणसानं आपल्याच भाषेत लिहून ठेवली आहे. इथल्या मंडळ्यांत हे पुस्तक फारसं वाचलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९०४ साली लंडन मिशननं बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्ट मंडळीकडे सोपवलं आणि मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाची परंपरा इथं रुजली. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सभेत वेस्लीला आपलं अंतःकरण विलक्षण ऊबदार झाल्याचं जाणवलं, ही गोष्ट मेथडिस्टांना परिचयाची आहे. त्या अनुभवानंतर त्यानं काय केलं, हे त्या मानानं कमी सांगितलं जातं. पवित्र आत्मा माणसाच्या आत्म्याला साक्ष देतो, असं वेस्ली ठामपणे शिकवत राहिला. पण स्वप्नं, आवाज, दृष्टान्त आणि मनातले आवेग देवाकडूनच आले असं घाईनं मानू नका, असंही त्यानं अनुयायांना बजावलं. ते देवाकडून असतील, स्वभावातून उपजलेले असतील, सैतानाकडूनही असतील, तेव्हा वचनाच्या कसोटीवर घासून पाहा, असा त्याचा सल्ला होता. १७४२ पासून त्यानं साधारण बाराजणांचे गट केले. हे लोक आठवड्यातून एकदा भेटत आणि आपल्या आत्म्याचं कसं चाललं आहे हे एकमेकांना सांगत. प्रेरणा ज्याच्या त्याच्या मनात येते, तिची पारख मात्र चारचौघांत होते, ही त्यामागची समज. घरोघरी भरणारी कॉटेज मीटिंग या रीतीच्या जवळची आहे.

दुसरा प्रवाह कॅथलिक. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला, पण गोव्याच्या वाटेनं कॅथलिक श्रद्धा त्याच्या कितीतरी आधी इकडे आली होती. बेळगावच्या सेंट पॉल्स हायस्कूलची सुरुवात १८५६ ची, आणि ही शाळा येशूसंघीय (जेझुइट) फादरांची. त्यांचा मूळपुरुष इग्नेशियस लोयोला हा प्रेरणा ओळखण्याच्या विद्येतला सर्वात बारकाईचा शिक्षक, असं मी म्हणेन. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना तो कधी दरबारातल्या पराक्रमांची स्वप्नं रंगवी, कधी संतांची चरित्रं वाचून त्यांच्यासारखं जगण्याचा विचार करी. दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटत. फरक पडे तो नंतर. पहिल्या विचारांनंतर मन कोरडं आणि असमाधानी राही, दुसऱ्यांनंतर शांत आणि आनंदी. एवढ्या साध्या निरीक्षणावरून पुढं त्याची ‘आध्यात्मिक साधना’ ही प्रार्थनेची पुस्तिका उभी राहिली आणि १५४८ मध्ये पोपनं तिला मान्यता दिली. रोज दुपारी आणि रात्री थांबून आपल्या मनात काय काय येऊन गेलं ते देवासमोर तपासावं, ही सवय त्यातलीच. त्याचा एक नियम तर घरात लिहून ठेवावा असा आहे: मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये.

मराठी मुलुखातल्या दोन आयुष्यांत ही शिकवण जगून दाखवलेली दिसते. १८९३ मध्ये आगगाडीत एका सहप्रवाशानं नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं, तरी बाप्तिस्मा त्यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत घेतला. मधल्या काळात वाचन, प्रश्न आणि घालमेल होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, तोही अशाच आतल्या हाकेवरून. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं आत्मिक जागरण झालं. रडणं, मोठ्यानं प्रार्थना, पापांची कबुली यांनी ती जागा भरून गेली. त्या जागरणाच्या आधी आणि नंतरही तिथं अनाथ मुली आणि विधवांचं पालनपोषण, शिक्षण आणि शेती चालूच होती. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम मरेपर्यंत करत राहिल्या. आत्म्याचं फळ म्हणून पौल प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता अशी यादी देतो. केडगावात ते फळ पुढची अनेक वर्षं दिसत होतं.

गेल्या काही दशकांत करिश्माई प्रार्थनासभा आणि स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारे गट, सगळीकडे वाढले. त्यांनी सामान्य माणसाला, विशेषतः बायकांना, देव माझ्याशीही बोलतो असं म्हणण्याचं धैर्य दिलं. हे ऋण मोठं आहे. पण त्याबरोबर एक धोकाही वाढला. ‘प्रभूनं सांगितलं’ म्हटलं की पुढं बोलायला जागाच उरत नाही. एखाद्या मुलीच्या लग्नाबद्दल किंवा घर विकण्याबद्दल दुसऱ्याच कुणाला ‘संदेश’ मिळतो आणि ते कुटुंब गप्प बसतं. असं होतं तेव्हा पौलाच्या आज्ञेतला दुसरा अर्धा भाग गळालेला असतो. अशा संदेशाला ‘थांबा, आम्ही प्रार्थना करून पाहतो’ म्हणणं हा अविश्वास नव्हे. वेस्ली आणि इग्नेशियस दोघांनीही तेच सांगितलं असतं.

छोट्या प्रेरणेला मात्र एवढी चौकशी लागत नाही. आजारी शेजारणीकडं जावंसं वाटलं तर जावं, कारण ती आज्ञा वचनात आधीच दिलेली आहे. मोठ्या निर्णयासाठी वचन उघडावं, पाळकांशी किंवा फादरांशी बोलावं, घरच्यांना विचारावं, काही आठवडे जाऊ द्यावेत. एवढं करूनही ती हाक तशीच शांतपणे टिकून राहिली, तर मग पाऊल उचलावं.