कॅराव्हॅन घेऊन धरणाकाठी मुक्काम: अर्ज कोणाकडे, कागदपत्रं कोणती?

गोसीखुर्द, इटियाडोह, अप्पर वर्धा... विदर्भात पाण्याकाठी कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, रात्र काढावी अशा जागा पुष्कळ आहेत. पण धरणाकाठच्या मुक्कामासाठी सगळीकडे चालेल असा एकच अर्ज नाही. जमीन कोणाची, त्यावर अर्ज कोणाकडे हे ठरतं. म्हणून गावाचं नाव आणि गट नंबर विचारून आधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघा, तो फुकट दिसतो.

धरणाची भिंत, सांडवा (जादा पाणी सोडायची वाट) आणि बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाकडे असतं. अर्ज त्या प्रकल्पाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावे साध्या कागदावर करा. त्यात मुक्कामाच्या तारखा, माणसं किती, गाडीचा नंबर, नेमकी जागा आणि सांडपाणी-कचऱ्याची काय सोय केली ते लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. सांडव्याखालच्या पात्रात मुक्कामाचा विचारसुद्धा करू नका, दारं उघडली की नदी पाहता पाहता चढते.

पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती गाळपेर जमीन. ती हंगामापुरती भाडेपट्ट्यानं कसायला देतात, त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. एका तलावावर हिरवळ समजून मी गाडी खाली घेणार होतो. उतरून वाकून पाहिलं, तर ओळीनं हरभरा उगवलेला. ज्यांचं शेत पाण्याखाली गेलं, त्यांचंच पीक चाकाखाली येणार होतं. त्यामुळे अभियंत्यांची परवानगी हातात असली तरी तिथं कसणाऱ्याला विचारल्याशिवाय गाडी उतरवू नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय काळी माती ओली असली की जड गाडी रुततेच.

भंडारा-गोंदियातले बरेच मामा (माजी मालगुजारी) तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, तिथं चौकशी लघुपाटबंधारे विभागात करा. खासगी शेत असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र आणि सातबाऱ्याची प्रत जवळ ठेवा, पोलीस पाटलांनाही सांगून ठेवा.

तोतलाडोह, बोर हे जलाशय व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीतले. तिथं काठावर गाडी लावून झोपता येत नाही, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचा अधिकृत निवासच घ्या. इतर वनजमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा. 15 फेब्रुवारी ते 15 जून वणव्याचा हंगाम, तेव्हा शेकोटी अजिबात नको.

गाडीची कागदपत्रं म्हणजे आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. 7500 किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. साध्या व्हॅनमध्ये पलंग-ओटा बसवून घेतला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे त्या बदलाला आरटीओची मान्यता आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. भाड्यानं घेतलेल्या गाडीची नंबर पाटी चालकासह असेल तर पिवळी आणि स्वतः चालवायची असेल तर काळ्यावर पिवळ्या अक्षरांची आहे ना, हे आगाऊ रक्कम देण्याआधी बघा. अर्जाला या सगळ्याच्या प्रती आणि प्रत्येकाचं ओळखपत्र जोडा.