कॅलिफोर्नियाचा रेशियल जस्टिस अ‍ॅक्ट : अर्ज कोणाला करता येतो, सोबत काय जोडायचे

१९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर जॉर्जियातल्या दोन हजारांहून अधिक खून खटल्यांचा अभ्यास होता. मारला गेलेला माणूस गोरा असेल, तर आरोपीला मृत्युदंड होण्याची शक्यता ४.३ पट निघाली होती. तरीही त्या अभ्यासाच्या आधारे आपल्या मृत्युदंडाला आव्हान देणारा कृष्णवर्णीय कैदी वॉरेन मॅक्लेस्की पाच विरुद्ध चार मतांनी हरला. आकडे पुरेसे नाहीत, तुझ्याच खटल्यात जाणूनबुजून भेदभाव झाल्याचे सिद्ध कर, असे त्याला सांगितले गेले. १९९१ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत बसवून मारले. मनातला द्वेष कोणी कागदावर नोंदवून ठेवत नाही, त्यामुळे ती अट पाळणे जवळजवळ अशक्यच होते.

कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये नेमकी हीच अट काढून टाकली. भारतीय वंशाचे आमदार अ‍ॅश कालरा यांनी मांडलेला रेशियल जस्टिस अ‍ॅक्ट, म्हणजे फौजदारी खटल्यांत वंशभेदाला मनाई करणारा कायदा, आता तिथल्या दंडसंहितेचे कलम ७४५ आहे. हेतू सिद्ध करावा लागत नाही. भेदभाव झाला असण्याची शक्यता न झाल्यापेक्षा जास्त आहे, एवढे दाखवले की पुरते.

पात्रता

कायद्यात वंश, वांशिकता आणि मूळ देश हे तिन्ही शब्द आहेत, म्हणजे भारतीय आरोपीलाही तो लागू होतो. चालू खटल्यात अर्ज थेट खटल्याच्या न्यायालयात करायचा. जुन्या शिक्षांसाठी मुदती टप्प्याटप्प्याने उघडल्या: मृत्युदंडाच्या कैद्यांना १ जानेवारी २०२३ पासून, गंभीर गुन्ह्यासाठी तुरुंगात असलेल्यांना २०२४ पासून, गंभीर गुन्ह्यात ज्यांचा निकाल २०१५ पासून पुढे अंतिम झाला त्यांना २०२५ पासून, आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या उरलेल्या सगळ्यांना २०२६ पासून.

आधार चार प्रकारचे. न्यायाधीश, वकील, पोलीस, तज्ज्ञ साक्षीदार किंवा ज्युरर (निकाल देणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळाचा सदस्य) यांपैकी कोणी आरोपीविषयी वंशावरून आकस दाखवला; सुनावणीत वंशभेदी भाषा वापरली; तशाच परिस्थितीतल्या इतर वंशाच्या लोकांपेक्षा जड कलम लावले; किंवा जास्त शिक्षा दिली. शेवटच्यात बळीचा वंशही धरला जातो, म्हणजे मॅक्लेस्कीचा मुद्दा इथे कायद्यातच आला.

कागदपत्रे

तुरुंगात असलेल्यांसाठी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैदेच्या कायदेशीरपणाला आव्हान देण्याचा छापील अर्ज, एचसी-००१. त्याला फी नाही. मृत्युदंडाच्या प्रकरणात तो शिक्षा देणाऱ्याच सुपीरियर कोर्टात, म्हणजे खटला चालवणाऱ्या न्यायालयात जातो. कोणी, केव्हा, काय म्हटले हे तारखेसह लिहा. सुनावणीच्या प्रतिलेखाची (शब्दशः लेखी नोंदीची) पाने, पोलीस अहवाल, जबान्या जोडा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर अर्ज पुढे सरकत नाही. वकील परवडत नसेल तर न्यायालयाने नेमून द्यावा, ही मागणी अर्जातच करा. ती राहून गेली तर कैदी एकटाच लढत बसतो.

पण खरी ताकद आहे ती सरकारी नोंदी मागण्याच्या हक्कात. कोणत्या प्रकारची नोंद हवी ते सांगून त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो, आणि २०२२ च्या यंग खटल्यातील निकालानुसार त्याला विश्वासार्ह वाटणारी तथ्यांची बैठक पुरते, पक्का पुरावा आधीच लागत नाही. काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सरकारी वकिलांनी मागच्या काही वर्षांत कोणाला कोणती कलमे लावली, ही यादी बाहेर आली की चित्र पालटते. कॉन्ट्रा कोस्टा काउंटीत २०२३ मध्ये असेच झाले. खुनाच्या खटल्यांत टोळीसंबंधी वाढीव आरोप कृष्णवर्णीयांवर जास्त लावले जात होते, हे आकड्यांवरून न्यायाधीशांना पटले आणि चौघांवरचे ते आरोप रद्द झाले.

पुढे काय होते

प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर न्यायालय सरकारकडून उत्तर मागवते आणि सुनावणी लावते. अपील अजून चालू असेल तर ते थांबवून प्रकरण खालच्या न्यायालयात पाठवण्याची विनंती करता येते. उल्लंघन सिद्ध झाले तर दोषसिद्धी किंवा शिक्षा रद्द होऊ शकते, कलम हलके होऊ शकते. मृत्युदंड मात्र त्या माणसाला देताच येत नाही. जुन्या निकालांत पहिल्या दोन आधारांवर सरकारला बचाव आहे: उल्लंघनाचा निकालावर परिणाम झाला नाही हे त्याने संशयातीत सिद्ध करायचे. ते ओझे सरकारवर आहे, कैद्यावर नाही.

शिक्षा भोगून बाहेर पडलेल्यांसाठी एचसी-००१ नाही. त्यांनी कलम १४७३.७ खाली दोषसिद्धी रद्द करण्याचा अर्ज करायचा. जुन्या गुन्ह्यामुळे ग्रीन कार्ड धोक्यात आलेल्या आपल्या लोकांनी इमिग्रेशनच्या वकिलाबरोबरच फौजदारी वकिलालाही हे कलम दाखवावे.