महाराष्ट्रात नेत्र सहाय्यक म्हणून काम करायचंय? पात्रता, नोंदणी, कागदपत्रं आणि अर्जाची पूर्ण माहिती

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी रुग्णाची गाठ पडते ती ऑप्थॅल्मिक असिस्टंटशी, म्हणजे नेत्र सहाय्यकाशी. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं, थेंब घालून बाहुली मोठी करणं, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी लेन्सची पॉवर काढून ठेवणं, ही सगळी कामं याच माणसाच्या हातची. महाराष्ट्रात या कामाला लागण्याच्या मुख्य वाटा तीन: खासगी किंवा धर्मादाय नेत्र रुग्णालय, राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी पद आणि शासनाची सरळसेवा भरती. तिन्हीकडची अर्जाची पद्धत वेगळी आहे. पण अर्ज अडतो तो सहसा फॉर्म भरताना नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी, कोर्सला प्रवेश घेताना. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कोर्स कोणता चालतो?

सर्वसाधारण अट अशी: बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, आणि त्यानंतर दोन वर्षांची पदविका. पदविकेची नावं संस्थेनुसार बदलतात. कुठे ऑप्थॅल्मिक टेक्नॉलॉजी, कुठे ऑप्थॅल्मिक असिस्टंट, कुठे ऑप्टोमेट्री. ऑप्टोमेट्रीची पदवी घेतलेल्यांनाही अनेक जाहिरातींत संधी असते, पण जाहिरातीत ती अर्हता लिहिलेली असेल तरच. "आमची पदवी तुमच्या पदविकेपेक्षा मोठी आहे" हा मुद्दा पडताळणीच्या टेबलावर चालत नाही.

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ऑप्टोमेट्रिस्ट, ऑप्थॅल्मिक असिस्टंट आणि व्हिजन टेक्निशियन हे एकाच गटात आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला या कायद्याच्या व्याख्येनुसार पदविका किंवा पदवी लागते, आणि तिचं शिक्षण किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारं असावं लागतं. सहा महिन्यांत "शंभर टक्के नोकरीची हमी" देणारं प्रमाणपत्र या हिशेबात कुठेच बसत नाही. अशा कोर्समध्ये घरची पुंजी आणि उमेदीचं एक वर्ष घालवलेली मुलं-मुली पाहिली की वाईट वाटतं, कारण त्यांची कष्टाची तयारी पुरेपूर असते.

प्रवेशाआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा. पदविका कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची? प्रत्यक्ष शिकायला नेत्रविभागाची चालती ओपीडी आहे का? आणि इथून शिकलेल्यांची परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. मागच्या बॅचमधल्या एखाद्याला गाठा आणि त्याचं नोंदणी प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा.

नोंदणी

निकाल लागला की पहिलं काम नोंदणीचं. महाराष्ट्रातल्या भरतीत बहुधा महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचं प्रमाणपत्र मागतात. २०२१ च्या कायद्यात राज्य परिषद आणि राज्य नोंदवही यांची तरतूद आहे, त्यामुळे जाहिरातीत ज्या परिषदेचं नाव छापलं असेल तिचीच नोंदणी लागणार हे लक्षात ठेवा. सोबत दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, पदविकेच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, पदविका प्रमाणपत्र, इंटर्नशिप असेल तर ती पूर्ण केल्याचा दाखला, ओळखपत्र आणि फोटो तयार ठेवा. प्रमाणपत्र हाती आलं की त्यावरची मुदत बघा. नूतनीकरण राहिलं तर नेमकं भरतीच्या वेळी पळापळ होते.

नोंदणी लवकर करण्याचं आणखी एक कारण आहे. कंत्राटी भरतीत अनुभवाला गुण असतात, आणि अनुभव मोजतात तो पदविका मिळाल्यानंतरचा, काही जाहिरातींत तर नोंदणीच्या तारखेनंतरचा. तीन वर्षं काम करूनही नोंदणी उशिरा केली, तर त्यातली बरीच वर्षं कागदावर येतच नाहीत.

शासकीय अर्ज: कागदपत्रं

सरळसेवेसाठी वयोमर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं. सार्वजनिक आरोग्य विभागात या कामाचं पद "नेत्र चिकित्सा अधिकारी" या नावाने जाहिरातीत येतं, हे अनेकांना माहीत नसतं. "सहाय्यक" शोधत बसतात आणि जाहिरात हातची जाते. अर्ज ऑनलाइन. संगणकावरच्या परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि विषयाचे प्रश्न असतात. गुणवत्ता यादीत यायला किमान ४५ टक्के गुण लागतात.

अभियानातली पदं कराराची. जिल्हा पातळीवर जाहिरात निघते आणि निवड बऱ्याचदा गुणांकनावर होते: पदविकेचे गुण, जादा शिक्षण, अनुभव.

शैक्षणिक कागदांखेरीज लागतात ते असे: वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, इतर मागासवर्ग (इमाव), विमुक्त जाती व भटक्या जमाती (विजाभज), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) यांना नॉन-क्रीमिलेअर, दिव्यांग उमेदवारांना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी किंवा समकक्ष संगणक प्रमाणपत्र. समांतर आरक्षण घेणार असाल (माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, अनाथ) तर त्याचा स्वतंत्र पुरावा. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन नमुना 'अ' मध्ये द्यावं लागतं, तो नियम २००५ पासून लागू आहे. संगणक प्रमाणपत्र नियुक्तीनंतर दोन वर्षांत मिळवण्याची मुभा सहसा असते, इतर कागदांना तशी सवलत गृहीत धरू नका.

नॉन-क्रीमिलेअरची वैधता ३१ मार्चला संपते आणि भरती कधी निघेल याचा नेम नसतो. त्यामुळे एप्रिल-मे मध्येच सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर नवा अर्ज टाका. जाहिरात आल्यावर धावाधाव केली तर मुदत आड येते.

नावातला फरक हा सगळ्यात चिवट घोळ. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदविकेवर वडिलांचं नाव गाळलेलं, आणि लग्नानंतर नोंदणी सासरच्या नावाने. ऑनलाइन अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहा. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडा.

अनुभवाचा दाखला नीट मागून घ्या

"सदर व्यक्तीने आमच्याकडे काम केले असून वर्तणूक चांगली आहे" एवढ्या दोन ओळींच्या दाखल्याला गुण मिळणं कठीण. लेटरहेडवर जावक क्रमांक व दिनांक, तुमचं पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, काम पूर्णवेळ होतं का, आणि डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक, एवढं हवंच. त्याखाली कामाचं स्वरूप लिहून घ्या: रिफ्रॅक्शन (नंबर काढणं), टोनोमेट्री (डोळ्याचा दाब मोजणं), केरॅटोमेट्री (बुबुळाची वक्रता मोजणं), ए-स्कॅन (ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणं), शस्त्रक्रियागृहात मदत. नेमणुकीचं पत्र आणि पगाराचे पुरावेही जपून ठेवा, तारखांबद्दल शंका आली तर तेच कामाला येतात. दवाखाना सोडायच्या दिवशीच दाखला घ्या. डॉक्टरांनी जागा बदलली किंवा दवाखाना बंद झाला की दाखला मिळवणं अवघड.

खासगी दवाखान्यात

इथे अर्ज म्हणजे बायोडाटा, प्रमाणपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती, नोंदणी आणि तुमच्याबद्दल सांगू शकतील अशा दोन ओळखीच्या माणसांची नावं. खरी परीक्षा हातांची. बऱ्याच ठिकाणी मुलाखतीनंतर ओपीडीत उभं करतात आणि बघत राहतात.

बघतात ते काय? सहा मीटरवरच्या तक्त्यावर एक डोळा झाकताना तुम्ही तळहात दाबून धरू देता का, कारण दाब पडला तर त्या डोळ्याला नंतर काही काळ धूसर दिसतं. वाचता न येणाऱ्या माणसाला 'ई'चा तक्ता देता का. दृष्टी कमी निघाली तर पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची चकती, लावून बघता का. डायलेट करण्याआधी, म्हणजे थेंबांनी बाहुली मोठी करण्याआधी, डोळ्याचा दाब मोजून, काचबिंदूची विचारपूस करता का. आणि थेंब घालण्यापूर्वी उजवा की डावा हे केस पेपरवरून आणि रुग्णाच्या तोंडून, दोन्हीकडून पक्कं करता का.

ए-स्कॅनला बसवलं तर हात हलका ठेवा. प्रोब बुबुळावर टेकवताना थोडा जरी दाब पडला तरी डोळ्याची लांबी कमी मोजली जाते. एक मिलिमीटर फरक म्हणजे ढोबळमानाने लेन्सच्या पॉवरमध्ये अडीच ते तीन डायॉप्टरची (पॉवर मोजायचं एकक) चूक, आणि ती बाहेर येते शस्त्रक्रिया झाल्यावर. म्हणून एकाच मापावर विसंबू नका, पुन्हा पुन्हा माप घेऊन जुळवून बघा, दोन्ही डोळ्यांत मोठी तफावत दिसली तर आपणहून डॉक्टरांना सांगा. शंका आल्यावर थांबणारा सहाय्यक डॉक्टरांना हवा असतो.

निवड झाल्यावर

तात्पुरती यादी लागली की आक्षेपासाठी ठरावीक दिवस मिळतात. नाव अपात्र यादीत असेल तर नावापुढे दिलेलं कारण वाचा, मुदतीत लेखी आक्षेप द्या आणि पोच घ्या. मूळ कागदपत्रांच्या तपासणीला मूळ प्रती आणि स्वसाक्षांकित प्रती जाहिरातीतल्या क्रमाने लावून न्या. रुजू होताना वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी असते. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर आताच सुरू करा: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. शस्त्रक्रियागृहात सुया आणि धारदार हत्यारं रोज हाताळावी लागतात, आणि लसीचं कार्ड मागणारी रुग्णालयंही आहेत.